मामांच्या हलगीचा उशीर

“क्लिक नको,” मिलिंद म्हणाला.

आठ वादक माझ्या स्टुडिओत दाटीवाटीनं बसले होते आणि मी हेडफोन वाटत होतो. माझा हात तिथंच थांबला.

क्लिक म्हणजे कानात वाजणारी टकटक. रेकॉर्डिंगच्या वेळी ती प्रत्येकाच्या हेडफोनमध्ये एकसारखी चालू असते. त्यामुळं कुणी पुढं पळत नाही, कुणी मागं राहत नाही. परभणीत वसमत रोडवर माझा स्टुडिओ सुरू होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. भीमगीतं, हळदीची गाणी, उमेदवारांचा प्रचार, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, सगळं इथं झालं. क्लिकशिवाय काहीच झालेलं नव्हतं.

“क्लिक न्हाई तर आठ जणं आठीकडं पळतील,” मी म्हणालो.

“पळू दे. एकमेकाकडं बघून परत येतील.”

“मग एकेकाला वेगळं घेऊ. मी जोडतो नंतर.”

“न्हाई दादा. सगळे एकदम. एका खोलीत.”

मला ‘दादा’ म्हणाला, तेही सगळ्यांसमोर, म्हणून मला चिडता आलं नाही. हेडफोन गुंडाळून मी कपाटात ठेवले.

या मिलिंदबद्दल सांगायला हवं, आणि त्याच्याबद्दल मला सरळ सांगता येत नाही हेही आधीच कबूल करतो. आम्ही दोघं एका गायन पार्टीत होतो. चौदा एप्रिलच्या मागंपुढं महिनाभर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. पूर्णा, जिंतूर, गावोगावी कार्यक्रम. मी ढोलकीवर. मिलिंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तो खंजिरी वाजवायचा. ती धरायची कशी हेसुद्धा मीच त्याला दाखवलं होतं. कार्यक्रम संपला की लोक विचारायचे, ढोलकीवाला कोण हाय? खंजिरीवाला कोण, असं कुणी कधी विचारत नाही.

पुढं तो शिकत गेला. सरकारी स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेला, तालवाद्यं शिकायला. तालवाद्य घेऊन परदेशात एवढं मोठं शिक्षण होतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आता पुण्यात एका संगीत कॉलेजात प्राध्यापक आहे. त्याचा फोटो पेपरात आला तेव्हा कात्रण माझ्याच आईनं कापून ठेवलं आणि मलाच दाखवलं. “तुझ्याच हाताखालचा ना हा?” असं विचारलं. हो म्हणालो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर असा हा मिलिंद त्याच्या गावची, ताडकळसची, आठ माणसं घेऊन माझ्याकडं आला होता. स्वतः वाजवणार नव्हता. रचना त्याची होती. ती कशावर आहे हे त्यानं आल्याआल्या सांगितलं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडं, कोरड्या डोंगराळ भागात, हजारएक वर्षांपूर्वी पुएब्लो लोकांची वस्ती होती. त्यांनी उंच कड्यांच्या कपारीत दगडी घरं बांधली, माळ्यावर माळे चढवून. मका पिकवायचे. मग सातेकशे वर्षांपूर्वी ती घरं सोडून निघून गेले. घरं अजून तशीच उभी आहेत.

“मेले का सगळे?” मी विचारलं.

“न्हाई ना. त्यांची लेकरंबाळं आजबी तिकडंच जवळपास ऱ्हातात. फकस्त हे घर सोडलं त्यांनी.”

“आन् ही त्यांची गाणी हायेत?”

“त्यांची गाणी त्यांची. मी कशाला उचलू? मी तिथं कड्यासमोर हुबा ऱ्हायलो, टाळी वाजवली, आन् टाळी वापस आली. तेवढंच घेऊन आलो.”

रचनेचं नाव ‘कपारीतली घरं’. वाद्यं सगळी इकडचीच. दोन हलग्या, संबळ, ढोल, दोन माठ, ज्वारीचे दाणे भरलेले वाळक्या भोपळ्याचे खुळखुळे आणि पूर्णेच्या पात्रातले दोन गोटे. माठ वाजवणाऱ्या दोघी गावातल्या बचत गटातल्या होत्या. बाकीचे गावच्या बँडमधले. मी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

“ढोलकी कुठाय?”

“ढोलकी न्हाई दादा यात.”

“का बरं?”

“ढोलकी आली की ती एकटीच बोलायली लागती. बाकीच्यायला ऐकावं लागतं.”

तो हसत म्हणाला, कुणाला टोचावं म्हणून नाही. मला मात्र ते बरोबर जागी टोचलं. मी माइकच्या वायरी सोडवायला लागलो.

सगळ्यांत वयस्कर होते शेषरावमामा, मोठ्या हलगीवर. गावात लहानथोर त्यांना मामाच म्हणतात. सत्तरीचे असतील. आले तेच बगलेत तुराट्यांची पेंडी घेऊन. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. कातडं गार असलं की आवाज भदभद येतो. मी त्यांना मागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथं त्यांनी जाळ करून हलगी हळूहळू फिरवली, बोटानं टिचकी मारून ऐकली, परत फिरवली.

“मामा, बंगळुरूला जायचं म्हणं तुमाला,” मी उगाच विषय काढला.

बंगळुरूला तालवाद्यांचा एक महोत्सव होतो. रेकॉर्डिंग आणि एक पानाची माहिती पाठवायची. त्यातून पाच संघ निवडतात. हे रेकॉर्डिंग त्यासाठीच होतं.

“जायचं का न्हाई ते तुमच्या मशीनीच्या हातात हाय,” मामा म्हणाले. “साठ वर्षं झाली वाजवायलोय. वराती म्होरं, मयती म्होरं, मिरवणुकी म्होरं. समदं चालत. बसून वाजवलेलं आन् लोकायनं गप बसून ऐकलेलं, असं एकदाबी झालं न्हाई. तेवढं एकदा व्हावं म्हणतो.”

मामांना मी एक हेडफोन देऊन काचेच्या खोलीत बसवलं. ही खोली गायकासाठी असते. आत बसलेल्याला बाहेरचं दिसतं, हेडफोनमधून ऐकूही येतं, पण त्याचा आवाज बाहेरच्या माइकमध्ये शिरत नाही. मोठी हलगी बाहेर ठेवली असती तर बाकी सगळं तिच्याखाली दबलं असतं. मिलिंदलाही ते पटलं. “मामा तसेबी लांबच पायजेत,” तो म्हणाला. “मामा म्हणजे कडा हायेत.”

मग त्यानं मला समजावलं. बाहेरचे सात जण म्हणजे घरातली माणसं. ती ठोका देतात, आणि मामांची हलगी त्याला उत्तर देते, जरा उशिरानं. पडसाद. माणसं घर सोडून लांब जातात तसतसा पडसाद यायला जास्त वेळ लागतो, म्हणून मामांचा उशीर प्रत्येक फेरीला थोडाथोडा वाढत जातो. मामांना हे समजावं म्हणून मिलिंद त्यांना येलदरीला घेऊन गेला होता. धरणाच्या भिंतीसमोर लांब उभं करून हलगी वाजवायला लावली. मग वीस पावलं मागं, परत वाजवा. परत वीस पावलं मागं. असं दोन दिवस केलं. कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. तो उशीर मामांच्या हातात बसला.

पहिले दोन टेक वाया गेले. एकदा ढोलवाला घाबरला, एकदा मध्येच खोकला आला. तिसरा टेक अकरा मिनिटांचा झाला. मी काचेच्या अलीकडं बसून आवाजाचे मीटर बघत होतो आणि थोड्या वेळानं मीटर बघायचंच विसरलो. एकेक वाद्य गळत गेलं. ढोल थांबला, संबळ थांबला, खुळखुळे थांबले. शेवटी एकच माठ उरला. त्यानं एक ठोका दिला आणि तोही थांबला. खोलीत काहीच नाही. आता संपलं असं वाटलं आणि तेवढ्यात लांबून मामांचा एक ठोका आला. हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं आणि ओ तेवढी आली.

माझ्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी मला मिलिंदचा राग आला. हे आधी लिहिलं काय आणि नंतर लिहिलं काय, दोन्ही एकाच वेळी झालं. सतरा वर्षांत माझ्या खोलीत एवढं चांगलं काही वाजलं नव्हतं, आणि ते खंजिरीवाल्यानं आणलं होतं.

मिलिंदला त्याच संध्याकाळी पुण्याला निघायचं होतं. कॉलेजात परीक्षा होत्या. निघताना त्यानं मला दारापाशी गाठलं.

“दादा, फकस्त साफ कर. खुर्च्यायचे आवाज, श्वासाचे आवाज काढ. बाकीला हात लावू नको. रविवारपर्यंत पाठवायचंय. तूच पाठव, मी आणखी ऐकत बसत न्हाई.”

“ऐकून घे की एकदा.”

“कशाला? तुझ्यापेक्षा कान कुणाचा चांगला हाय? माझा पुरा भरवसा हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काम घेऊन बसलो. खुर्च्या काढल्या, श्वास काढले. तासाभरात काम झालं. तेव्हाच फाइल पाठवून दिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका लाटेसारखा दिसतो. लाटेचं टोक कुठं आहे त्यावरून ठोका वेळेवर पडला की नाही ते डोळ्यांनीच कळतं. वर सात जणांच्या लाटा होत्या आणि सगळ्यांत खाली मामांची. मामांची प्रत्येक लाट मागं होती. आमच्या धंद्यात अशी लाट दिसली की हात आपोआप माऊसकडं जातो. ती कापायची, पुढं ओढायची, वरच्या लाटेच्या बरोबर खाली आणून बसवायची. याला आम्ही टायमिंग सरळ करणं म्हणतो. हळदीच्या गाण्यात रोज करतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

मी पहिला ठोका सरळ केला. मनाशी म्हणालो, परीक्षकांना हा म्हातारा चुकतोय असं वाटेल. दुसरा केला. म्हणालो, मिलिंदचंच नाव खराब होईल, आपण वाचवतोय त्याला. तिसऱ्या ठोक्यानंतर मी मनाशी काही बोलायचं सोडून दिलं. मामा म्हणजे कडा का, हे मला नीट सांगितलं होतं. मला ते पुरतं कळलंही होतं. मी अडाणीपणानं काही केलं नाही.

दोन दुपारी लागल्या. दोनशेच्या वर ठोके असतील. एकेक कापला, ओढला, जोड कळू नये म्हणून कडा घासल्या. इतकं बारीक काम मी कुणाच्या पैशासाठीही कधी केलेलं नाही. शेवटचा तो एकटा ठोका मी माठाच्या ठोक्याखाली नेऊन बसवला. दोन्ही मिळून एक आवाज झाला. त्यानंतर काहीच उरलं नाही. सगळं ऐकून बघितलं. एकही चूक नव्हती. लग्नाच्या बँडची चांगली तालीम झाल्यासारखं वाटत होतं.

बायको आत डोकावली. “झालं का मिलिंदभाऊचं?” तिनं विचारलं.

“झालं. लय मेहनत घेतली त्याच्यासाठी,” मी म्हणालो. फाइल रविवारी पाठवून दिली.

दीड महिन्यानं मिलिंदचा फोन आला. निवड झाली नव्हती. मी “अरेरे” म्हणालो आणि आत कुठंतरी हलकं वाटलं. ते लपवायला लगेच विचारलं, “का म्हणं?”

“परीक्षकानं लिहिलंय दोन ओळी. वादन नेटकं हाय, पण माहितीत जो पडसाद लिहिलाय तो ऐकू आला न्हाई. माझंच चुकलं दादा. ते आता ऐकायचंबी मन होईना. रेकॉर्डिंगच्या येळी मला वाटलं मामा बरोबर वाजवायलेत. खुशीत असल ना माणूस, तर हवं तेच ऐकू येतं. मामा घाबरून पुढं पळाले असतील. मी फोन केला होता त्यायला. म्हणालो, मामा, उशीर धरता आला न्हाई तुमाला.”

“मग काय म्हणले मामा?”

“काहीच न्हाई. म्हणले, वय झालं बाबा.”

फोन ठेवल्यावर ते हलकं वाटणं कुठल्या कुठं गेलं. माझं भांडण मिलिंदशी होतं. मामांनी माझं काय केलं होतं? तरीही मी आठवडाभर मूग गिळून बसलो. मिलिंदला सांगायचं म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवला.

मग एका सकाळी मामाच दारात उभे. सोबत हलगी नव्हती. ताडकळसहून एसटीनं आले होते.

“मला ऐकवा ते,” ते म्हणाले. “कुठं चुकलो ते बघू द्या. साठ वर्षांत हात कधी पुढं पळाला न्हाई. आताच कसा पळाला ते कळंना. दोन लग्नाच्या सुपाऱ्या आल्या होत्या, न्हाई म्हणून सांगितलं. हातावर भरवसाच वाटंना गेलाय.”

मी त्यांना खुर्ची दिली. पाठवलेलीच फाइल लावली. हेडफोन त्यांच्या कानावर मीच नीट बसवला. मामा डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती. मला ती स्पष्ट दिसत होती. हेडफोनमधला ठोका आधी पडत होता आणि मामांचं बोट नंतर. प्रत्येक वेळी नंतर. अकरा मिनिटं ते असं ऐकत राहिले.

हेडफोन काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“हलगी माझीच हाय,” ते म्हणाले. “हात माझा न्हाई.”

मी म्हणू शकलो असतो की मामा, तुमचा भास आहे. मशीन खोटं बोलत नाही असं म्हटलं असतं तर त्यांनी मानलंही असतं. तोंडावर आलंही होतं ते. पण मांडीवर ठेवलेला त्यांचा हात तसाच उघडा पडला होता, आणि त्याच्याकडं बघत मला ते बोलता येईना. मूळ फाइल मी ठेवली होती. का ठेवली होती कुणास ठाऊक. तीच लावली आणि मी खाली बघत बसलो.

शेवटचा ठोका पडल्यावर मामा म्हणाले, “हा मी.”

“हो.”

“मग पहिलं ते कुणी केलं?”

“मी केलं, मामा.”

ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठून काचेपाशी गेले, आतल्या रिकाम्या खोलीत बघितलं आणि परत येऊन बसले.

“लावा त्याला फोन,” ते म्हणाले. “मी हाय इथंच.”

फोन स्पीकरवर ठेवला. मी मिलिंदला सगळं सांगितलं. किती ठोके हलवले, किती दिवस लागले, शेवटचा कुठं नेऊन बसवला. संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “का, दादा?”

कामाच्या भाषेतली उत्तरं माझ्याकडं चारपाच तयार होती.

“तुझं लय चांगलं झालं होतं म्हणून,” मी म्हणालो.

मग तो म्हणाला, “मामाला दे.” स्पीकर चालूच होता, पण मी फोन उचलून मामांच्या हातात दिला आणि बाहेर गेलो. ते काय बोलले ते मी विचारलं नाही. मामा बाहेर आले तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला होता. मी एसटी स्टँडवर सोडतो म्हणालो. नको म्हणाले. चालत गेले.

मिलिंदनं महोत्सवाला मूळ फाइल पाठवून बघितली. यादी बंद झाली होती. पुढच्या वर्षी त्यांनी नांदेडला रेकॉर्डिंग केलं आणि निवड झाली. बंगळुरूच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मला कुणीतरी मोबाईलवर पाठवला. स्टेजवर मामा एकटे मागं, उंच चौथऱ्यावर बसलेले. समोर भरलेलं सभागृह, एक माणूस हलत नाही. शेवटचा माठ थांबतो, आणि मामा हात उचलून नुसते थांबतात. किती वेळ थांबतात. मग तो ठोका. ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं? हलगीचा माइक चुकीच्या जागी लावलाय. खरंच चुकीच्या जागी होता.

मिलिंदनं बोलणं तोडलेलं नाही. सणावाराला मेसेज येतो, दादा असंच लिहितो. काम मात्र पुन्हा कधी दिलं नाही, आणि मी मागितलं नाही.

नव्या मुलांना मी शिकवतो तेव्हा सांगतो की साफ करणं वेगळं आणि सरळ करणं वेगळं. ठोका हलवायचा तर वाजवणाऱ्याला विचारून हलवा. माझ्यापुरता एक नियम आणखी आहे, तो त्यांना सांगत नाही. रेकॉर्डिंग ऐकताना मला वाजवणाऱ्याचा राग यायला लागला, तर ते मिक्सिंग मी घेत नाही. तारीख नाही म्हणून सांगतो आणि नांदेडच्या स्टुडिओचा नंबर देतो. आतापर्यंत तीन जणांना दिला. तिघांचंही काम फार चांगलं होतं.